‘आमच्या घरच्या मुलींना असल्या लसीची काय गरज?’

प्रश्न लातूरच्या एका आईचा आहे. थोरली मुलगी चौदा वर्षं दहा महिन्यांची, धाकटी अकराची, शेंडेफळ मुलगा नऊ वर्षांचा. मुलांच्या डॉक्टरांनी दोघी मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर टाळणारी लस द्यायला सांगितली. नवरा म्हणतो, डॉक्टर सांगतात तर देऊन टाकू. सासूबाई म्हणतात, आपल्या घरच्या मुलींना असल्या लसीची काय गरज? नणंदेने व्हॉट्सॲपवर पाठवलंय की या लसीने पुढे मूल राहत नाही आणि आंध्रात सात मुली दगावल्या. त्यात लसी दोन, एक दोन हजारांची आणि दुसरी दहा-अकरा हजारांची. कुणी म्हणतं एक डोस पुरे, कुणी म्हणतं तीन लागतात. मुलालाही ही लस देतात का, हेही त्यांनी विचारलंय. ‘दोन महिने नुसता विचारच चाललाय,’ असं त्यांनी लिहिलंय.

ताई, उत्तर आधी सांगते, कारणं मागाहून. द्या. दोघींनाही द्या. थोरलीला तर याच महिन्यात, कारण तिचा पंधरावा वाढदिवस गाठायच्या आत पहिला डोस झाला तर तुमचा एक डोस आणि त्याचे पैसे वाचतात. ते कसं, ते पुढे येईलच.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सव्वीस वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. या लसीबद्दल रोज कुणीतरी विचारतं. माझा अनुभव असा की लस व्हॉट्सॲपमुळे थोडी अडते आणि सासूबाईंच्या त्या एका वाक्यामुळे जास्त अडते. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

गेल्या पावसाळ्यात एक बाई आल्या होत्या. वय पन्नाशीच्या अलीकडे. सोळाव्या वर्षी लग्न, चार बाळंतपणं, चारही घरीच. नवरा माळकरी, दरवर्षी वारीला जाणारा. पाळी जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि पुन्हा लाल जायला लागलं होतं. सहा महिने त्यांनी घरात कुणाला सांगितलं नाही. ‘पाळीच परत आली असंल म्हनलं,’ त्या म्हणाल्या. टेबलावर झोपल्यावर त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला, तो तपासणी संपेपर्यंत काढला नाही. आत बघायच्या आधीच वास आला. हा वास एकदा ओळखीचा झाला की रिपोर्टची वाट बघावी लागत नाही. पिशवीच्या तोंडावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी वाढ झालेली, कापूस टेकवला तरी रक्त. पदराआडूनच त्यांनी विचारलं, ‘बाई, म्या कुनाचं काय वाईट केलं होतं?’

काहीही केलं नव्हतं. एका नवऱ्याबरोबर तीस वर्षं संसार केला होता. माझ्याकडे या कॅन्सरच्या ज्या बायका येतात त्यांतल्या बहुतेकींची कहाणी हीच असते: लवकर लग्न, एकच पुरुष, भरपूर कष्ट आणि कधीच न झालेली तपासणी. हा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. तो विषाणू कुणाकडून आला, कधी आला, हे कुठलीही तपासणी सांगत नाही. तो शरीरात वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. त्यामुळे मी तो प्रश्न विचारतही नाही, आणि नातेवाईकांनी विचारला तर उत्तर देत नाही.

सासूबाईंना सांगायचं ते एवढंच. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, हे खरं आहे, ते लपवू नका. पण लग्न हाही शरीरसंबंधच आहे. आपण पत्रिका बघतो, गोत्र बघतो, हल्ली काही घरी एचआयव्हीची तपासणीही मागतात. पण होणाऱ्या जावयाला एचपीव्ही आहे की नाही हे सांगणारी मान्यताप्राप्त तपासणी पुरुषांसाठी नाहीच. त्याला स्वतःलाही ते माहीत नसतं, कारण त्याला काही त्रास होत नाही. निरोधाने धोका कमी होतो, संपत नाही, कारण हा विषाणू त्या भागाच्या कातडीवरूनही लागतो. मुलगी कितीही संस्कारी असली तरी ज्याची खात्री कुणालाच करता येत नाही, अशा गोष्टीपासून तिचं रक्षण करायचं आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन घेताना ‘आमची पोर खिळ्यावर पाय देणारी नाही’ असं कुणी म्हणत नाही.

आता आजाराचं गणित. एचपीव्हीच्या दोनशेहून अधिक जाती आहेत. बहुतेक निरुपद्रवी, काहींनी साधे चामखीळ येतात. कॅन्सरला कारणीभूत ठरणाऱ्यांत १६ आणि १८ या दोन नंबरी जाती सर्वांत वाईट. आपल्या देशातले गर्भाशयमुखाचे दहापैकी आठ कॅन्सर या दोघींमुळे होतात. संसर्ग मात्र अगदी सर्रास होतो. बहुतेक बायकांना आयुष्यात कधी ना कधी होतो आणि वर्ष-दोन वर्षांत शरीर तो आपोआप घालवतंही. थोड्या जणींच्या अंगात तो मुक्काम ठोकतो, पेशी बदलायला लागतात आणि पंधरा-वीस वर्षांनी कॅन्सर समोर येतो. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा कॅन्सर झाला आणि जवळजवळ ८० हजार बायका त्याने गेल्या.

या पंधरा-वीस वर्षांतच सगळी मेख आहे. लस विषाणूला दाराबाहेर अडवते. घरात शिरलेल्याला ती हाकलत नाही. म्हणून ती संसर्गाची शक्यता सुरू व्हायच्या पुष्कळ आधी घ्यायची. ‘लग्न ठरलं की देऊ’ हा हिशोब मी वरचेवर ऐकते आणि तो चुकीचा आहे. स्वीडनमध्ये साडेसोळा लाखांहून अधिक मुली आणि तरुणींच्या नोंदी तपासल्या, २०२० साली निष्कर्ष आले. सतराव्या वर्षाच्या आत लस घेतलेल्यांमध्ये कॅन्सरचं प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी होतं. सतरा ते तीस या वयात घेतलेल्यांमध्ये ५३ टक्क्यांनी. लस तीच, फरक फक्त घेण्याच्या वेळेचा. स्कॉटलंडचे आकडे २०२४ साली आले. तिथे ज्या मुलींनी बारा-तेराव्या वर्षी लस घेतली होती त्यांच्यात हा कॅन्सर एकीलाही सापडला नाही. लहान वयात शरीर प्रतिकारशक्तीही जास्त जोमाने तयार करतं, त्यामुळे अकरा वर्षं हे ‘फार लवकर’ नाही, नेमकं योग्य वय आहे.

‘पण लस दिली तर मुलींना मोकळं रान मिळाल्यासारखं होईल’ ही शंका तुम्ही लिहिली नाहीत, तरी घरात कुणाच्या तरी मनात असेलच. अमेरिकेत हे तपासून पाहिलं आहे. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलींच्या वागण्याच्या खुणा, म्हणजे गर्भ राहणं, लैंगिक आजार, त्यासाठी डॉक्टरकडे जाणं, यांत फरक सापडला नाही. तशीही अकरा वर्षांची मुलगी दंडावरच्या एका इंजेक्शनमधून एवढे अर्थ काढत नाही. ते अर्थ आपण मोठी माणसं काढतो.

आता नणंदेचा मेसेज. मूल न राहण्याचं आधी बघू.

लसीत जिवंत विषाणू नसतो, मेलेलाही नसतो. विषाणूच्या बाहेरच्या कवचाचं प्रथिन यीस्टमध्ये तयार करतात आणि त्याचे रिकामे गोळे बनतात. मी बायकांना सांगते, कोय काढून घेतलेला आंबा समजा. वरून आंबाच दिसतो, शरीर त्याची ओळख पक्की करून ठेवतं, पण जमिनीत पुरला तरी झाड उगवायचं नाही. त्या कवचाचा अंडाशयाशी, पिशवीशी काही संबंध येत नाही. अमेरिकेत सुमारे दोन लाख मुली-तरुणींच्या आणि डेन्मार्कमध्ये सुमारे दहा लाख मुली-तरुणींच्या नोंदींतून पाहिलं गेलं की लसीनंतर अंडाशय अकाली निकामी होण्याचं प्रमाण वाढतं का. वाढत नाही. मूल होण्याची शक्यता खरोखर संपते ती या कॅन्सरच्या उपचारात. पिशवी काढावी लागते, किंवा रेडिएशनने अंडाशय बंद पडतात. बत्तीस वर्षांच्या, एकच मूल असलेल्या पेशंटला हे समोर बसवून सांगावं लागतं तेव्हा माझा दिवस वाईट जातो.

त्रास अजिबात होत नाही का? होतो. दंड दुखतो, थोडा सुजतो, कधी ताप किंवा डोकेदुखी, एखाद-दोन दिवस. गंभीर ॲलर्जी दहा लाख डोसांमागे एखाद-दोन जणांना होते, म्हणून लस जिथे त्यावर लगेच उपचार करता येतील अशाच ठिकाणी घ्यायची. आणि या वयाच्या मुलींना चक्कर येते. हे मी मुद्दाम सांगते. आमच्याकडे मागे एका शाळेच्या सहा-सात मैत्रिणी आयांबरोबर एकदमच आल्या. सकाळी क्लास, डबा तसाच, कुणी काही खाल्लेलं नाही. पहिलीने इंजेक्शन घेतलं, हसत हसत उठली आणि औषधांच्या कपाटापाशी खाली बसली. तिचा पांढराफटक चेहरा बघून दुसरी, इंजेक्शन घ्यायच्या आधीच. सिस्टरने दोघींचे पाय उशीवर ठेवले, लिंबू-सरबत दिलं, दहा मिनिटांत दोघी टवटवीत. पण दारातल्या दोन आयांनी तेवढ्यात घरी फोन लावला होता, आणि संध्याकाळपर्यंत गावात ‘लसीने पोरी बेशुद्ध पडल्या’ झालं होतं. तेव्हापासून आमच्याकडे नियम असा की आधी पोटभर खाऊन यायचं, इंजेक्शन बसून किंवा आडवं पडून घ्यायचं आणि नंतर पंधरा मिनिटं तिथेच बसायचं.

अशीच गोष्ट एका अख्ख्या देशात घडली. जपानमध्ये एप्रिल २०१३ला ही लस नियमित लसीकरणात आली. काही मुलींना दुखणं, झटके, चालता न येणं असे त्रास झाल्याची चित्रं टीव्हीवर दिसू लागली आणि जूनमध्ये सरकारने लसीची शिफारस मागे घेतली. सत्तर टक्क्यांच्या आसपास असलेलं लसीकरण एका टक्क्याच्याही खाली आलं. पुढे नागोया शहरात सुमारे तीस हजार मुलींकडून चोवीस लक्षणांबद्दल माहिती गोळा केली; लस घेतलेल्या मुलींना ती लक्षणं न घेतलेल्यांपेक्षा जास्त नव्हती. सरकारने शिफारस पुन्हा सुरू केली ती एप्रिल २०२२मध्ये. या खंडामुळे तिथे पुढच्या काळात पाच हजारांवर बायका दगावतील असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आजारी मुलींचा त्रास खोटा नव्हता, हेही सांगते. तो लसीमुळे होता हे मात्र सिद्ध झालं नाही.

आणि आंध्रातल्या सात मुली. यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण हा मेसेज धादांत खोटा म्हणून उडवून लावता येत नाही. मुली खरंच गेल्या होत्या.

२००९ साली आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात, आता तो तेलंगणात आहे, आणि गुजरातच्या वडोदरा जिल्ह्यात ‘पाथ’ ही अमेरिकी संस्था, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राज्य सरकारं यांनी मिळून एक प्रात्यक्षिक प्रकल्प घेतला. दोन्हीकडे मिळून सुमारे २४ हजार मुलींना लस दिली. त्यानंतरच्या काळात सात मुलींचे मृत्यू नोंदले गेले आणि एप्रिल २०१०मध्ये प्रकल्प थांबवला गेला. चौकशीत कारणं निघाली: एक बुडून, एक साप चावून, काही विष पोटात गेल्याने, मलेरिया, ताप. लसीशी संबंध सापडला नाही. पण चौकशीत दुसरंच काहीतरी सापडलं. आश्रमशाळांत राहणाऱ्या आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनने, मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. त्रास झाला तर नोंद कशी ठेवायची याची घडी नीट नव्हती. २०१३मध्ये संसदेच्या समितीने यावर कडक ताशेरे ओढले, आणि ते योग्यच होते. मी डॉक्टर म्हणून या लसीच्या बाजूची आहे; तरी त्या संमतीपत्रांची बाजू मी कधी घेणार नाही. कुणाच्या लेकीच्या दंडात सुई टोचायची तर आधी तिच्या आईला विचारायचं, मग ती आई पाड्यावरची असो नाहीतर लातूरची. तुम्ही दोन महिने विचार करताय, तो तुमचा हक्कच आहे. खम्ममच्या आयांना तो मिळाला नाही.

या गोष्टीचा पुढचा भाग नणंदेच्या मेसेजमध्ये नसतो. तो आपल्या मातीतला आहे.

त्याच सुमारास भारतात एक वेगळा अभ्यास चालू होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने नऊ ठिकाणी मुलींना लस देऊन तीन डोस लागतात की दोन पुरतात हे पाहायला घेतलं होतं. त्या नऊ ठिकाणांत आपली बार्शी होती, पुणंही होतं. खम्ममचा गोंधळ झाला आणि सरकारने एप्रिल २०१०मध्ये अशा सगळ्याच अभ्यासांतलं लसीकरण थांबवलं. झालं असं, की कुणाचे तीन डोस झाले होते, कुणाचे दोन, आणि चार हजारांवर मुली एका डोसावरच अडकल्या. अभ्यास मोडलाच म्हणायचा. पण संशोधकांनी मुलींचा माग सोडला नाही. मुली मोठ्या झाल्या, लग्नं झाली. लग्नाला दीड वर्ष झालं किंवा पहिल्या बाळंतपणाला सहा महिने झाले की त्यांचे नमुने घ्यायचे. माहेरच्या पत्त्यावर जावं तर मुलगी सासरी, सासर दुसऱ्या तालुक्यात. असं दहा वर्षं चाललं. २०२१मध्ये निकाल छापून आला: १६ आणि १८ नंबरचा विषाणू अंगात मुक्काम ठोकून राहण्यापासून एका डोसाने ९५.४ टक्के संरक्षण, दोन डोसांनी ९३.१, तिनांनी ९३.३. म्हणजे व्यवहारात तिन्ही सारखेच.

कुणी ठरवून ‘एकच डोस देऊन बघू’ असा अभ्यास तेव्हा केला नसता. केनियातल्या अभ्यासानेही पुढे तेच दाखवलं, आणि २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की नऊ ते वीस वयाच्या मुलींना एक किंवा दोन डोस चालतील. जगातल्या गरीब देशांना ही लस परवडायला लागली त्यात बार्शी भागातल्या त्या पोरींचा वाटा आहे. त्यांतल्या कित्येकींना हे माहीतही नसेल.

मग तुमच्या मुलींना किती डोस? सरकारी मोहिमेत लस मिळत असेल, मुलगी त्यांच्या वयाच्या अटीत बसत असेल आणि तिथे एकच डोस देत असतील, तर तो बिनधास्त घ्या, ‘फुकटची म्हणून अर्धवट’ असं समजू नका. आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. खासगीत घेणार असाल तर आपल्याकडचं छापील वेळापत्रक असं: पंधरा वर्षं पूर्ण व्हायच्या आत, म्हणजे पंधराव्या वाढदिवसाआधी पहिला डोस घेतला तर दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. पंधराव्या वाढदिवसानंतर सुरुवात केली तर तीन, पहिल्यानंतर दोन महिन्यांनी दुसरा आणि सहाव्या महिन्यात तिसरा. इथे पहिल्या डोसाची तारीख मोजतात. थोरलीचा पहिला डोस वाढदिवसाआधी झाला की दुसरा वाढदिवसानंतर आला तरी चालतो. म्हणून वर म्हटलं, याच महिन्यात. दुसऱ्या डोसाला दहावीची परीक्षा, लग्नकार्य असं काही आडवं आलं आणि महिना-दोन महिने उशीर झाला तर पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. उशीर चालतो, घाई चालत नाही.

कुठली घ्यायची? सर्व्हावॅक ही पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची. तिला २०२२मध्ये परवानगी मिळाली आणि २०२३पासून ती बाजारात आहे, डोस साधारण दोन हजारांना. तिच्यात चार जाती आहेत: १६, १८ आणि चामखीळ आणणाऱ्या ६ आणि ११. गार्डासिल-९ परदेशी, नऊ जातींची, म्हणून महाग. नवाने चारापेक्षा थोडं जास्त संरक्षण मिळतं, यात वाद नाही. परवडत असेल तर जरूर घ्या. पण मुख्य शत्रू १६ आणि १८, ते दोन्हींत आहेत, आणि स्कॉटलंडच्या ज्या मुलींबद्दल वर लिहिलं त्यांना तर फक्त या दोनच जातींची लस मिळाली होती. ‘महागडी घेण्याइतके पैसे जमले की बघू’ म्हणून दोन वर्षं थांबणारे आईवडील मला भेटतात. त्यांना मी सांगते, स्वस्तातली आज द्या. सर्व्हावॅक नवी असल्याने तिच्या एका डोसाचा दहा वर्षांचा अनुभव अजून हाताशी नाही, म्हणून ती खासगीत घेताना वेळापत्रकाप्रमाणे दोन्ही डोस पूर्ण करा. आणि लस फ्रिजमधून, दोन ते आठ अंश तापमानातून, तुमच्यासमोर काढली जाते का ते बघा. आमच्या भागात लाइट किती जाते हे मी सांगायला नको. इन्व्हर्टरबद्दल विचारलंत तर चांगला डॉक्टर रागावणार नाही.

मुलाचं विचारलंत. त्यालाही देता येते, नवव्या वर्षापासून परवानगी आहे. पुरुषांत हा विषाणू घशाचा, लिंगाचा, गुदद्वाराचा कॅन्सर करू शकतो आणि पुढे बायकोला त्याच्याकडूनच लागू शकतो. पैसे मोजके असतील तर आधी दोघी बहिणी, मग तो.

पाळी चालू असली तरी लस चालते. अंगात चांगला ताप असेल तर उतरू द्या. आधीच्या डोसाला किंवा यीस्टला गंभीर ॲलर्जी आली असेल तर नको. गरोदर बाईला बाळंतपणानंतर द्यायची. एचआयव्ही किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर लस जास्तच गरजेची, पण तिथे तीन डोस लागतात, वय कितीही असो.

मुलींना काय सांगायचं हा खरा अवघड भाग वाटतो, तो तसा नाही. धाकटीला सांगा, ‘मोठेपणी पोटात होणारा एक कॅन्सर होऊ नये म्हणून.’ तिला तेवढं पुरतं, ती पुढचं ‘दुखतं का’ एवढंच विचारते. थोरलीला सगळं सांगा. ती नववी-दहावीत आहे, प्रजननसंस्था तिच्या पुस्तकात आहे, आणि आईने सांगितलं नाही तर मोबाइल सांगणार. तुम्हाला संकोच वाटत असेल तर मला किंवा तुमच्या डॉक्टरबाईंना सांगा. आम्ही दिवसभर हेच बोलतो. सासूबाईंनाही त्या दिवशी बरोबर आणा. बाहेर बसवू नका, आत आणा. कित्येकदा मी सगळं समजावून सांगितलं की तीच आजी हळूच खुर्ची पुढे ओढते आणि म्हणते, ‘बाई, मलापण अधनंमधनं लाल दिसतंय.’

इथे ताई, तुमचं स्वतःचं. तुम्ही वय लिहिलं नाहीत, पण थोरली पंधराची म्हणजे तुम्ही तिशीच्या पुढे नक्की. तुमच्यासाठी लसीपेक्षा तपासणी महत्त्वाची. तिशीनंतर दर पाच वर्षांनी एकदा. पिशवीच्या तोंडावर पातळ व्हिनेगर लावून मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठतो का बघायचं. किंवा एचपीव्हीची चाचणी करायची. पाच मिनिटांचं काम, भूल नाही, टाके नाहीत. याचाही जगातला सर्वांत भक्कम पुरावा आपल्या शेजारचा आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९पासून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायका एका अभ्यासात घेतल्या होत्या. ज्या गावांत एचपीव्ही चाचणी आयुष्यात फक्त एकदा केली तिथे पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हे काम घराघरांत पोचवलं ते बायकांना समजावून आणणाऱ्या कार्यकर्त्यांनी.

आणि एक सांगते, प्रश्नाबाहेरचं आहे तरी. अंगावरून पांढरं जातं म्हणून ‘पुढे कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका’ असं कुणी सांगितलं तर आधी ही तपासणी मागा. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या किती सहज काढल्या गेल्या याची चौकशी करायला २०१९मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली. त्यातल्या कित्येक जणी अजून चाळिशीच्याही नव्हत्या. कॅन्सरची भीती घालून पिशवी काढणं हा कॅन्सर टाळायचा उपाय नाही. मुलींना लस दिली तरी त्यांनाही तिशीनंतर तपासणी करावी लागेलच, कारण लसीत नसलेल्या जाती उरतातच.

तेव्हा सासूबाईंना घेऊन शनिवारी सकाळी निघा. मुलींना भाकरी-भाजी खाऊ घाला, सैल बाह्यांचा कुडता घालायला सांगा, लहानपणचं लसीचं कार्ड असेल तर पिशवीत टाका म्हणजे ही नोंदही त्यावरच होईल. धाकटीला आधी बसवा. थोरलीला घाबरलेलं बघितलं तर ती पळते. पुढच्या डोसाची तारीख कॅलेंडरवर लिहा, मोबाइलमध्ये नको, मोबाइल बदलतो. आणि तुमच्या तपासणीसाठी पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यातला दिवस त्याच वेळी सिस्टरकडून लिहून घ्या.